तोंडचा घास

मराठी माणसाला कुत्र्याशी बोलायला फार शब्द लागत नाहीत. बोलवायचं असेल तर ‘यू यू’, कुणाच्या मागे सोडायचं असेल तर ‘छू’, आणि नकोसं झालं की ‘हाड’. ये, धाव, नीघ. एवढ्यात दोघांचं सगळं नातं बसतं आणि कित्येक पिढ्या कुठल्याच पक्षाची त्याबद्दल तक्रार नाही. ‘जा, ते पडलेलं पाखरू शोध, दात न लावता उचल, वाटेत कुठे न थांबता आण आणि माझ्या हातात ठेव’ या हुकमासाठी मात्र आपल्याकडे शब्द नाही. शिकारच नव्हती म्हणून शब्द नाही, असं महाड-पोलादपूरकडे तरी कुणाला म्हणता येणार नाही. हाका, हाकारे, वाघूर, माग, दबा, सावज, ठासणीची बंदूक असा पारधीचा अख्खा शब्दकोश या दोन तालुक्यांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. भेकर, पिसोरी, साळिंदर, ससा, रानकोंबडा यांची नावं ते अशा काही सुरात घेतात की ती वन्यजीवांची यादी आहे की जेवणाचा बेत, असा प्रश्न पडावा. म्हणजे पारध होती, कुत्रीही होती. कुत्र्याने पारध आणून द्यावी अशी अपेक्षा मात्र कुणी केली नाही. हा आळस असेल किंवा अडाणीपणा असेल, असं शहरात बसून वाटतं. मला तो दोन्ही बाजूंनी नीट विचार करून झालेला करार वाटतो.

विलायतेत या आणून देण्याचं रीतसर शास्त्र आहे, आणि ते वाचताना कुत्र्यापेक्षा त्याच्या गुरूबद्दल जास्त आदर वाटायला लागतो. पिलाला आधी कापडाची भरीव गुंडाळी फेकून द्यायची, तीही घरातल्या अरुंद बोळात, म्हणजे ती तोंडात घेऊन माघारी येण्यावाचून त्याला दुसरी वाटच उरू नये. त्याच्याशी ओढाओढ खेळायची नाही, कारण त्याने दाताची पकड घट्ट होते आणि घट्ट पकडीचं कुत्रं या धंद्यात नापास. पुढे त्या गुंडाळीवर पिसं बांधायची, मग गार झालेलं मेलेलं पाखरू, आणि शेवटी नुकतं पडलेलं. बार उडाला, पाखरू कोसळलं, तरी हुकूम होईपर्यंत जागचं हलायचं नाही. मात्र ते नेमकं कुठे पडलं ती जागा नजरेत धरून ठेवायची, याला आपण खूण धरणं म्हणू. कुत्र्याचं तोंड किती मऊ आहे ते बघायला काही जण त्याच्याकडून कच्चं अंडं न फुटता आणवतात. स्पर्धांमध्ये तर परीक्षक आणलेल्या पाखराच्या फासळ्या बोटांनी चाचपून बघतात, आणि त्या चुरडलेल्या निघाल्या की कुत्रं बाद. निसर्गाने जे तोंड फाडण्यासाठी घडवलं त्याचा उपयोग तबकासारखा करायचा, असा हा अभ्यासक्रम आहे. पंगतीत जिलब्यांचं ताट घेऊन फिरणारा आणि स्वतः उपाशी असणारा जो वाढपी असतो, तो म्हणजे रिट्रीव्हर. त्याच्या सोशिकपणाला तोड नाही. पण जगातल्या सगळ्या कुत्र्यांनी वाढपीच व्हावं, असा हट्ट धरण्याचं कारण दिसत नाही.

आपल्या गावठी कुत्र्याला या परीक्षेला बसवलं तर ते सरसकट नापास होईल, हा समजही चुकीचा आहे. पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर वडापाव खाणाऱ्या प्रवाशापुढे जे कुत्रं बसलेलं असतं, त्याची स्थिरता बघावी. शेपटी हलत नाही, पापणी लवत नाही, मुंबई-गोवा महामार्गावरचे कंटेनर कानाशी हॉर्न वाजवत जातात आणि त्याची नजर वड्यावरून ढळत नाही. इतका संयम विलायती कुत्र्याला वर्षभर शिट्ट्या मारून शिकवावा लागतो. खूण धरण्यातही ते अव्वल. पावाचा तुकडा बाकड्याखाली कुठल्या कोपऱ्यात घरंगळला हे प्रवाशाला कळण्याआधी त्याला कळलेलं असतं. उचलून नेण्याचा भागही त्याला जमतो. ओसरीवरच्या चपला एका घरून दुसऱ्या आळीत कशा जातात, याचा दुसरा खुलासा नाही. त्याचं अडतं ते एकाच विषयात. माल उचलला जातो, वाहतूक होते, पण पोच होत नाही. कच्च्या अंड्याच्या परीक्षेचा निकाल तर सांगायलाच नको. अंडं न फोडता आणायचं असतं हे त्याला कळत नाही असं नाही. अंडं न फोडता आणून पुढे त्याचं करायचं काय, हे त्याला कुणी पटवून दिलेलं नाही.

यावर जाणकार म्हणतील की हा सगळा रक्ताचा प्रश्न आहे. ते खरंच आहे, आणि रक्त कसं जमवतात तेही पाहण्यासारखं आहे. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या गृहस्थांनी १८६८ मध्ये स्कॉटलंडमधल्या आपल्या इस्टेटीवर नूस नावाच्या पिवळसर कुत्र्याचं आणि बेल नावाच्या पाणकुत्रीचं लग्न लावलं, आणि त्यातून आजच्या गोल्डन रिट्रीव्हरचा वंश उभा राहिला. त्यांच्या कुत्र्यांची वंशावळ त्यांच्याकडे हाताने लिहून ठेवलेली असे. जमीनदाराघरची सोयरीकही इतकी पारखून होत नाही. लॅब्रॅडॉर मूळचा न्यू फाउंडलंडच्या कोळ्यांचा. गळातून सुटलेला मासा पकडायचा, जाळ्याची दोरी तोंडात धरून काठाला आणायची, ही त्याच्या पूर्वजांची नोकरी. आपल्याकडे ही असली खातेनिहाय लग्नं झाली नाहीत. भाद्रपद आला की ज्याचं त्याने जमवलं आणि त्यात माणसाचा सल्ला कुणी विचारला नाही. पण म्हणून मराठी मुलखात शिकारी रक्तच नव्हतं असं नाही. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाच्या नावाने ओळखला जाणारा, आपल्याकडे कारवानी म्हणतात तो उंच, कडक, सडपातळ कुत्रा अस्सल शिकारी आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढलं. तो ससा दिसला की वाऱ्यासारखा जातो, गाठतो, लोळवतो, आणि आपलं काम संपलं असं समजतो. आणून देणं हे त्याच्या मते हमालाचं काम आहे. कोल्हापूर संस्थानात चित्त्याकडून काळविटाची शिकार करवत, तिथेही हाच प्रकार. चित्त्याने काळवीट पाडलं की चित्तेवान धापा टाकत पोचायचा, लाकडी पळीतून रक्त पुढे करायचा, डोळ्यांवर टोपी चढवायचा आणि मग काळवीट सोडवून घ्यायचा. राजेशाही थाटातही तोंडचा घास सुटायला आधी काहीतरी मोजावं लागत होतं. नुसत्या ‘शाब्बास’वर घास सोडणारा नोकर फक्त विलायतेत निपजला.

आणि तो तिथे का निपजला याचं उत्तर मला रक्तापेक्षा रानात सापडतं. लॉर्डसाहेबांच्या स्कॉटलंडमध्ये कुत्र्याला खाईल असं रानात काही उरलंच नव्हतं. तिथला लांडगा बंदुकीची ही करमणूक सुरू होण्याच्या कितीतरी आधी संपला होता. जखमी पाखरू तोंडात धरून अर्धा मैल चालत येणाऱ्या कुत्र्याला तिथे फार तर पावसाची भीती. आता तोच कुत्रा महाडला आणा. बदक पडलं सावित्रीत, मालकाने बोट दाखवलं, कुत्र्याने इमानाने उडी घेतली. महाडजवळच्या सावित्रीत मगरी आहेत. हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात आणि पुलावरूनसुद्धा दिसतात. बदक, बदक आणायला गेलेलं कुत्रं आणि त्यांची वाट बघणारा मालक, या तिघांत शेवटी पोट भरून घरी जाणारा चौथाच कुणीतरी निघायचा. नदी नको म्हणून पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाखालच्या रानात जावं, तर तिथे बिबट्या. त्याला कुत्रं कुठल्याही मसाल्याशिवाय आवडतं. पुरुषभर उंचीच्या कारवीतून रक्ताळलेला ससा तोंडात धरून चालणं म्हणजे रानभर आमंत्रणपत्रिका वाटत येणं. शिवाय तोंडात ससा असला की भुंकता येत नाही, म्हणजे मदतीला हाक मारायचीही सोय गेली. अशा मुलखात जी कुत्री आणून देण्याच्या नादाला लागली असतील, त्यांची वंशावळ हाताने लिहून ठेवायची वेळच कुणावर आली नसेल.

मग या रानातल्या कुत्र्याने केलं काय? त्याने काम उलटं करून टाकलं. डुक्कर अडवायचं, चहूबाजूंनी घेरायचं, अंतर राखायचं आणि जीव खाऊन भुंकत राहायचं. त्या आवाजाच्या रोखाने माणसं काट्याकुट्यांतून, दरड उतरून, धोतर फाडून घेत तिथे पोचतात. विलायती कुत्रं शिकार माणसाकडे आणतं, आपलं कुत्रं माणसाला शिकारीकडे आणतं. यातलं अवघड काम कुठलं, याचा निवाडा ज्यांनी भर दुपारी कारवी तुडवली आहे त्यांनी करावा. आणि हे शहाणपणाचंही आहे. मोठा रानडुक्कर ऐंशी-शंभर किलोंचा, गावठी कुत्रं पंधरा-वीस किलोंचं. अंकगणित त्याला येत नसलं तरी वजनाचा अंदाज येतो. ते डुक्कर शेवटी चार माणसांच्या खांद्यावर, दांडीला बांधून गावात जायचं, आणि कुत्रं त्या मिरवणुकीच्या पुढे, रिकाम्या तोंडाने, यजमानासारखं. आतडी-कोथळा त्याला जागेवरच मिळालेला असे. म्हणजे पारधीत ते पंगतीला बसलेलं पाहुणं होतं. पाहुण्याला कुणी ताट उचलायला सांगत नाही.

इथे एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. हिंदुस्थानात साहेब शिकार करत होता, त्याच्याकडे विलायती कुत्री होती, मग त्याने इथे ही विद्या का रुजवली नाही? कारण ती त्याला परवडेना असं नाही, तिची गरज पडली नाही. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात भरतपूरच्या पाणथळीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारपार्टीने ४,२७३ पाखरं पाडली. तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवला आहे. एवढी पाखरं गोळा करायची म्हटलं तर कुत्र्यांची पलटण लागावी. पण त्या काळची शिकारवर्णनं वाचली की गुडघाभर, कमरभर पाण्यात उतरून पाखरं वेचणारी माणसं दिसतात. कुत्र्याला उन्हाचा त्रास होतो याची काळजी साहेबाच्या पुस्तकांत पानोपानी आहे. माणसाला उन्हाचा त्रास होतो हे त्यात शोधावं लागतं. आपल्या गावांतही वेगळं नव्हतं. साहेब मुक्कामाला आला की वेठीला धरलेली माणसं हाका घालायची, ओझी वाहायची आणि पाखरंही आणून द्यायची. जिथे हुकमासरशी धावणारा माणूस फुकट मिळतो तिथे कुत्र्याला कोण शिकवत बसेल? रिट्रीव्हर आपल्याकडे नव्हता असं म्हणणं म्हणूनच अर्धवट आहे. तो होता, फक्त दोन पायांवर चालत होता आणि त्याला बिस्किटही मिळत नव्हतं. ज्या महाडात चवदार तळ्याचं पाणी कुत्र्यामांजरांना मोकळं होतं आणि काही माणसांना नव्हतं, त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसं डॉ. आंबेडकरांच्या मागून तळ्यावर गेली आणि त्यांनी ते पाणी ओंजळीत घेतलं. ‘जा’, ‘आण’, ‘लांब उभा राहा’ हे हुकूम माणसांनी ऐकायचे थांबवले, त्या हिशेबात ही तारीख फार वरची आहे. या लेखात तिच्याबद्दल विनोद करण्यासारखं काही नाही, म्हणून कुत्र्यांकडे परततो.

आपली पुराणं आणि दैवतं हा माझ्या बाजूचा आणखी एक भक्कम पुरावा. खंडोबाबरोबर कुत्रं आहे, दत्तगुरूंच्या पायाशी चार आहेत आणि ते चार वेद मानले जातात. यांपैकी एकाच्याही तोंडात काही आणलेलं नाही. वेदांना ‘चप्पल आण’ म्हणण्याची कुणाची हिंमतही झाली नसती. धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेलं कुत्रं निव्वळ सोबत करत होतं. महाड तालुक्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध कुत्रं म्हणजे रायगडावरचा वाघ्या. त्याचा पुतळा १९३६ मध्ये बसला, २०१२ मध्ये उखडला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि वाघ्या इतिहासात होता की नव्हता हा वाद अजून मिटलेला नाही. तो इतिहासकारांनी पुराव्यानिशी मिटवावा. पण मानणाऱ्यांच्या कथेतसुद्धा वाघ्या धन्यामागे जातो, धन्याला काही आणून देत नाही. आपल्या मनात इमान म्हणजे सोबत, सेवा त्यात येत नाही. शिकारीला गेलेलं आणि खरोखर काहीतरी तोंडातून घेऊन आलेलं असं एकच कुत्रं मला आठवतं, ते महाभारतातलं. पांडवांबरोबर रानात गेलं, एकलव्याला पाहून भुंकलं आणि तोंडात सात बाण घेऊन परत आलं. आणून देणाऱ्या कुत्र्याचं आपल्या वाङ्मयातलं हे एकमेव उदाहरण आणि त्याने आणला तो दारूगोळा. तोंडही इतकं मऊ की त्याला इजा झाल्याचं कुणी लिहिलेलं नाही. पण त्या एका खेपेचा शेवट एकलव्याच्या अंगठ्यात झाला. त्यानंतर या प्रयोगाला कुणी हात लावला नसेल तर नवल नाही.

धाक दाखवून शिकवता येतं, असं म्हणणारा एक पंथ विलायतेत आहे आणि आपल्याकडेही आहे. त्याला आधार म्हणून पोलादपूर तालुक्यातल्या उमरठपर्यंत जाता येतं. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. १६७० च्या सिंहगडाच्या लढाईत यशवंती घोरपडीला दोर बांधून कडा चढवला, ही पोवाड्यातली गोष्ट मराठी मुलाला शाळेच्या आधी ठाऊक होते. इतिहासाचे अभ्यासक तिला आख्यायिका म्हणतात. पण आख्यायिकेतही तपशील असा आहे की घोरपड माघारी आली, तेव्हा तिला जिवाचा धाक घालावा लागला, मग ती वर जाऊन चिकटली. धाकाने जनावर जातं, हे यावरून सिद्ध होतं. पण ती वर गेली आणि तिथेच राहिली. तिने वरून काही आणून दिलं असतं तर मी माझं म्हणणं मागे घेतलं असतं.

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचं दार बंद केलं. त्यात शिकारीची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की मारणंच काय, पाठलाग करणं, हाकून काढणं, आमिष दाखवणं आणि यांतल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं ही सगळी शिकारच. ‘छू’ हा निरागस शब्दही समोर ससा असेल तर महागात पडू शकतो. शेतकऱ्याची तक्रार यावर रास्त आहे. रानडुकरं एका रात्रीत भाताचं आणि नाचणीचं शेत लोळवून जातात आणि त्याने काय फक्त बघत बसायचं? नाही. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची तरतूद त्याच कायद्यात आहे. ती मिळवताना किती खेटे पडतात हा वेगळ्या लेखाचा विषय. पण त्या कामातही आणून देणाऱ्या कुत्र्याला जागा नाही, कारण आणायचं ते शंभर किलोंचं आणि पंचनामा व्हायचा तो जागेवर. चोरून शिकार करणाऱ्याला तर असलं कुत्रं सगळ्यांत घातक. गावठी कुत्रं ससा मिळाला तर गुपचूप खाऊन टाकेल आणि साक्षीपुरावा संपेल. रिट्रीव्हर तो फासळी न मोडता, सबंध, भर वस्तीतून मिरवत आणून ओसरीवर मालकाच्या पायाशी ठेवेल. पूर्वी तो शिकार आणायचा, आता मुद्देमाल आणेल. तीन वर्षांपर्यंतची कैद किंवा लाखापर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, हे मऊ तोंडाचं मोल जरा जास्तच झालं.

एवढं सगळं असूनही महाडच्या नव्या सोसायट्यांत आणि एमआयडीसीकडच्या बंगल्यांत लॅब्रॅडॉर आलाच आहे, आणि त्याच्या रक्तातलं ते वाढपीपण काही केल्या जात नाही. समोर काहीही पडलं की त्याला उचलून कुणाला तरी नेऊन द्यायचं असतं. त्याला शिकवायला काहीच हरकत नाही. गुंडाळी फेकावी, ‘फेच’ म्हणावं (मराठी शब्द नसल्याने इथे नाइलाज), बिस्किट द्यावं. गुंडाळीत सुकटीच्या वासाचं जुनं फडकं वापरू नये आणि नदीकाठी जाऊ नये, एवढ्या स्थानिक सूचना पाळल्या तर विद्या फुकट जात नाही. सकाळचा हा वर्ग सुरू झाला की कुंपणाच्या भिंतीवर एक गावठी कुत्रं येऊन बसतं. गुंडाळी उडते, लॅब्रॅडॉर धावतो, आणतो, ठेवतो, पुन्हा धावतो. गावठ्याची मान गुंडाळीमागे एकदाही वळत नाही. मालकाचा हात दर वेळी कुठल्या खिशात जातो, पुडा संपला की नवा कुठल्या खिडकीतून येतो आणि त्या खिडकीची कडी सैल आहे की नाही, याची तो खूण धरत असतो.